फ्लॅटमधल्या खोलीचा संगीत स्टुडिओ: आधी फटी, मग भिंती, शेवटी फोम

घरातल्या एका खोलीचा स्टुडिओ करायचे ठरले की बहुतेकांची पहिली खरेदी असते ती काळ्या, टोकदार फोमच्या तुकड्यांची. ते भिंतीला चिकटवले की खोली स्टुडिओसारखी दिसू लागते आणि टाळी वाजवली तर आवाजही कोरडा वाटतो. मात्र शेजारच्या काकूंची तक्रार जशीच्या तशी राहते आणि रस्त्यावरचा हॉर्न रेकॉर्डिंगमध्ये तितकाच स्पष्ट उमटतो. आवाज खोलीच्या आत-बाहेर जाऊ न देणे आणि खोलीतला आवाज नीट ऐकू येणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो. दुसऱ्याला जाड, सच्छिद्र साहित्य लागते. फोम इतका हलका असतो की पहिल्या कामात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, आणि इंचभर जाडीचा फोम दुसऱ्या कामातही फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला आजही कानावर येतो. ते आवाज अडवत नाहीतच, शिवाय विजेच्या तारांच्या शेजारी कागदी लगद्याने भिंती मढवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

पुढील क्रम ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या १० बाय १० ते १० बाय १२ फुटांच्या साध्या बेडरूमसाठी आहे. यातली अनेक कामे एकदा झाली की मागे घेता येत नाहीत, म्हणून क्रम मोडू नये.

काय वाजणार आणि केव्हा वाजणार

कागद-पेन घेऊन खोलीत होणारे प्रत्येक काम, त्याची वेळ आणि त्याचा अंदाजे आवाज लिहून काढावा. हार्मोनियमच्या साथीने मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचा आवाज एका मीटरवर ८० ते ८५ डेसिबलपर्यंत सहज जातो, तर खऱ्या ड्रमसेटचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसरातल्या आवाजाची मर्यादा आहे. शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीतली शांतता मात्र याहून बरीच कडक कसोटी असते, कारण रात्री तिथे ३० डेसिबलचा आवाजही कानाला कळतो.

यावरून गणित मांडता येते. गायन आणि हार्मोनियम शेजाऱ्यांना ऐकू येऊ द्यायचे नसेल तर मधल्या भिंतीने साधारण ५० ते ५५ डेसिबल अडवले पाहिजेत, आणि हे नीट बांधलेल्या खोलीत साधते. ड्रमसेटला ७० डेसिबलहून अधिक लागतात, आणि तेही खालच्या सप्तकात, जिथे अडवणे सर्वांत कठीण असते. निवासी इमारतीत खरा ड्रमसेट वाजवण्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्यावा आणि घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम ठेवावेत. ज्यांना फक्त कीबोर्ड, थेट इंटरफेसला (वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीला) जोडलेली गिटार आणि हेडफोन यांवर काम करायचे आहे, त्यांना ध्वनिरोधाच्या मोठ्या खर्चाची गरजच नाही. त्यांनी थेट खोलीच्या आतल्या कामाकडे वळावे.

खोलीची निवड

जागा निवडण्याची मुभा असेल तर आधी रस्ता आणि मग भिंती पाहाव्यात. घोडबंदर रस्त्याच्या बाजूची खोली रात्रीच्या ट्रकमुळे, सायन-पनवेल महामार्गालगतची बसगाड्यांमुळे आणि रेल्वेमार्गाकडे तोंड असलेली लोकलच्या भोंग्यामुळे त्रास देते. यांपैकी भोंगा आणि हॉर्न चांगली खिडकी अडवू शकते, पण ट्रकचा आणि गाडीचा खालचा घरघराट इमारतीच्या सांगाड्यातून वर येतो आणि त्यावर खिडकीचा इलाज चालत नाही. उलवे, पनवेल, कामोठे या भागांत नवी मुंबई विमानतळामुळे विमानांचा आवाजही आता हिशेबात धरावा लागतो. लिफ्टच्या शाफ्टला, पाण्याच्या पाइपांच्या डक्टला किंवा शेजाऱ्यांच्या बेडरूमला चिकटलेली खोली शक्यतो टाळावी. आपल्याच घराचे हॉल, पॅसेज किंवा कपाटांची खोली मध्ये येत असेल तर ती फुकटची संरक्षक पट्टी समजावी.

भिंत कशाची आहे, हे त्यानंतर पाहावे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत नऊ इंची विटांच्या भिंती सापडतात आणि त्या सोन्यासारख्या असतात. अलीकडच्या टॉवरांत आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या), नाहीतर अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या असतात, ज्याला बांधकामवाले मायवान म्हणतात. सहा इंची एएसी भिंत गिलाव्यासह चौरस मीटरला साधारण १४० किलो भरते, चार इंची विटांची २५० किलोच्या आसपास आणि सहा इंची काँक्रीटची ३५० किलोच्या वर. एकेरी भिंतीचे वजन दुप्पट झाले तर आवाज साधारण ५ ते ६ डेसिबलने अधिक अडतो, म्हणून हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. काँक्रीटची भिंत हवेतला आवाज उत्तम अडवते, पण ठोका, ड्रिल किंवा ओढलेली खुर्ची यांचा आवाज चार मजले पलीकडे पोहोचवते. मायवानच्या भिंतींवर इमारतीचा भार असतो, त्यामुळे त्यांत खाच मारणे किंवा दार रुंद करणे हा विचारही मनात आणू नये.

मापांकडेही लक्ष द्यावे. समोरासमोरच्या दोन भिंतींत एक ठरावीक सूर अडकून घुमतो. त्याची कंपनसंख्या म्हणजे ध्वनीचा वेग भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. दहा फुटांसाठी हे उत्तर ५६ हर्ट्झच्या आसपास येते, बारा फुटांसाठी ४७ आणि साडेनऊ फूट उंचीसाठी ५९. म्हणजे १० बाय १० च्या खोलीत लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही जवळजवळ एकाच सुरावर घुमतात. बास गिटारवरचा एक सूर खोली भरून टाकतो आणि शेजारचा सूर हरवतो. १० बाय १२ ची खोली हाती असताना केवळ खिडकी छान आहे म्हणून चौकोनी खोली घेऊ नये.

परवानगी आणि वजन

सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवून अंतर्गत कामाची परवानगी घ्यावी. कामाच्या वेळा, लिफ्टने सामान नेण्याचे नियम आणि मलब्याचे डिपॉझिट हे सर्व तिथेच ठरते. काम सुरू होण्यापूर्वी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरांत स्वतः जाऊन सांगून यावे. त्या भेटीत कोणाकडे तान्हे बाळ आहे, कोणाची रात्रपाळी असते हे कळते आणि वाजवण्याच्या वेळा आपोआप ठरतात.

वजनाचा हिशेब न करता कोणीही 'खोलीत खोली', म्हणजे जुन्या भिंतींच्या आत दुसऱ्या सुट्या भिंती आणि छत, बांधू नये. निवासी खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरलेला असतो. १० बाय १२ च्या खोलीत चारही भिंतींना आणि छताला साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर दिले, तर बोर्डांचेच वजन साडेआठशे किलोंच्या आसपास जाते. त्यात लोखंडी चॅनेल, रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), दारे, मग माणसे आणि सामान मिळवावे. वरून दोन इंचांचा काँक्रीटचा तरंगता, म्हणजे स्लॅबला न चिकटता रबरासारख्या मऊ थरावर टेकलेला, थर टाकायचा म्हटले तर तो एकटाच चौरस मीटरला १२० किलो होतो. म्हणून फ्लॅटमध्ये काँक्रीटची तरंगती जमीन करू नये, आणि चार भिंतींचे काम करायचे असेल तर इमारतीचे नकाशे पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे. नव्या टॉवरांत छतावर आग विझवण्याचे स्प्रिंकलर असतात. ते कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत.

फटी शोधणे आणि बुजवणे

नवख्या माणसाने आपल्या खर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा इथे घालावा. आपल्याकडच्या बेडरूमच्या दारांना उंबरठा नसतो आणि खाली साधारण एक सेंटिमीटरची फट सोडलेली असते. सव्वादोन ते अडीच फूट रुंद दाराखालची ही फट दिसायला क्षुल्लक वाटते, पण दहा फूट लांबीच्या भिंतीच्या क्षेत्रफळाशी तिचे प्रमाण काढले तर ते हजारात एक भागाच्या जवळ येते. तेवढ्याने, भिंत ५० डेसिबल अडवणारी असली तरी, पूर्ण बाजूची क्षमता ३० डेसिबलच्या आसपास अडकून पडते. उघडी जागा शंभरात एक भाग असेल तर मर्यादा २० डेसिबल. याचा अर्थ असा की दाराखाली फट ठेवून भिंतीवर कितीही खर्च केला, तरी कानाला फरक कळणार नाही.

फट शोधण्यासाठी रात्री खोलीत अंधार करून पॅसेजमध्ये मोठा दिवा लावावा आणि आतून दाराच्या चौकटीवर नजर फिरवावी. खालची प्रकाशाची रेघ तर दिसेलच, पण बिजागरांच्या बाजूला बारीक उभी चीर, कुलपाच्या भोकातून ठिपका, आणि चौकट भिंतीला जिथे भेटते तिथे गिलाव्यातली तडा गेलेली ओळही दिसते. खिडकीसाठी कागदाची पट्टी झडपेत ठेवून झडप बंद करावी आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सरकून आली तर त्या जागी झडप दाबून बसत नाही. आपल्या सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांत ती जवळजवळ सगळीकडे सरकते, कारण तिथे रबराऐवजी ब्रशसारख्या केसांची पट्टी असते आणि तिच्यातून हवा आणि आवाज दोन्ही जातात.

दाराच्या बाबतीत पोकळ फ्लश डोअर काढून भरीव गाभ्याचे, किमान ३५ ते ४० मिलिमीटर जाडीचे दार बसवावे. वजन वाढते म्हणून तीनऐवजी चार बिजागरे लावावीत आणि चौकट भिंतीला पक्की आहे की नाही ते सुताराकडून तपासून घ्यावे. चौकटीच्या तिन्ही बाजूंना रबरी गॅस्केट लावावे आणि खाली एकतर दोन-तीन सेंटिमीटरचा लाकडी उंबरठा करावा, नाहीतर दार लागले की आपोआप खाली उतरणारी पट्टी बसवावी. मला उंबरठा अधिक भरवशाचा वाटतो. उतरणाऱ्या पट्टीची यंत्रणा धुळीने हळूहळू अडखळू लागते. जागा असेल तर भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक दार लावून मध्ये हवा ठेवावी, हा सर्वांत उत्तम उपाय आहे. दार आतून किल्लीशिवाय उघडलेच पाहिजे.

खिडकी काढून टाकण्यापेक्षा तिच्या आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवणे स्वस्त आणि जास्त परिणामकारक ठरते. बाजारात 'साउंडप्रूफ' म्हणून मिळणाऱ्या दुहेरी काचेच्या एका चौकटीत दोन काचांमध्ये बहुधा १२ मिलिमीटर अंतर असते. ते उष्णतेसाठी उत्तम आहे, पण ट्रकच्या घरघराटासाठी अपुरे पडते. दोन स्वतंत्र खिडक्यांत १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर मिळाले, बाहेरची काच ५ मिलिमीटरची आणि आतली ८ ते १० मिलिमीटरची लॅमिनेटेड असली, तर दोन्ही काचा एकाच सुराला थरथरत नाहीत. आतली खिडकी सरकती न घेता बिजागरावर उघडणारी आणि गॅस्केटवर दाबून बसणारी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, घ्यावी. ती कायमची सील करू नये. साफसफाईला आणि अडचणीच्या वेळी ती उघडता आली पाहिजे.

बाकीच्या वाटा पटकन तपासता येतात: एसीच्या तांब्याच्या नळ्यांचे भोक, केबल आणि इंटरनेटच्या तारांची छिद्रे, माळ्याच्या मागची न गिलावलेली भिंत, आणि सामाईक भिंतीत दोन्ही घरांचे पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड. या सर्व जागा न वाळणाऱ्या अॅकूस्टिक सीलंटने किंवा पुट्टीने भराव्यात. साधे सिमेंट थोड्याच दिवसांत तडकते.

इतके काम झाल्यावर थांबावे आणि मोजावे. खोलीत स्पीकरवर एकसारखा खळखळाट, म्हणजे पिंक नॉइज, ठरावीक पातळीवर लावून मोबाइलवरच्या डेसिबलमापकाने आत आणि पॅसेजमध्ये आकडा घ्यावा. मोबाइलचा आकडा अचूक नसतो. पण तोच मोबाइल, तीच जागा आणि तीच पातळी ठेवली तर कामापूर्वीचा आणि नंतरचा फरक विश्वासार्ह कळतो. पुष्कळ गायकांचे आणि पॉडकास्ट करणाऱ्यांचे काम या टप्प्यावरच भागते.

भिंत आणि छत

तरीही शेजारी ऐकू जात असेल तर सामाईक भिंतीसमोर दुसरी भिंत उभी करावी. लोखंडी चॅनेलचा सांगाडा जुन्या भिंतीपासून २५ मिलिमीटर सुटा ठेवून फक्त जमिनीला आणि छताला, खाली-वर रबराची पट्टी घालून बसवावा. त्यात घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचे ५० मिलिमीटरचे रॉकवूल सैलसर भरावे आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे, स्क्रूने लावावेत. दोन थरांच्या मध्ये कधीही पूर्ण न वाळणारे डॅम्पिंग कंपाउंड लावल्यास बोर्डाची थरथर आणखी मंदावते. कडेने सगळीकडे सीलंट भरावे. रॉकवूल हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आवश्यक आहे.

एक गोष्ट कारागीर हमखास सुचवतात: 'एवढी जागा कशाला घालवता, भिंतीला एक इंचाच्या पट्ट्या ठोकून त्यावर बोर्ड मारू.' हे करू देऊ नये. बोर्ड, मधली हवा आणि मागची भिंत मिळून एक झोका तयार होतो, आणि तो ज्या सुरावर झुलतो त्या सुराला भिंत पूर्वीपेक्षाही कमी अडवते. अंतर २० मिलिमीटर असेल तर हा सूर १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका डग्ग्याच्या आणि पुरुषी आवाजाच्या टप्प्यात येतो; ७५ मिलिमीटर ठेवले तर तो ५५ हर्ट्झच्या खाली जातो. शिवाय पट्ट्या थेट ठोकल्याने कंप एका भिंतीतून दुसरीत सरळ जातो. चार इंच जागा द्यायची तयारी नसेल तर ही भिंत न केलेलीच बरी.

छताला रबर किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगलेले फॉल्स सीलिंग वरच्या घरातली बोलणी आणि टीव्ही कमी करते; वरच्यांच्या चालण्याचा आणि खलबत्त्यात कुटण्याचा आवाज मात्र खालून फारसा थांबत नाही. त्यावर वरच्या घरात जाड सतरंजी पोहोचवणे हा उपाय मी जास्त वेळा यशस्वी झालेला पाहिला आहे. आपल्या तबल्याचा किंवा पायाने दाबायच्या पेडलचा धक्का खाली जाऊ नये म्हणून १८ मिलिमीटर प्लायच्या दोन थरांची बैठक रबरी पॅडवर किंवा जास्त घनतेच्या रॉकवूलवर तरंगती ठेवावी आणि ती भिंतीला कुठेही टेकू देऊ नये.

हवा, एसी आणि पावसाळा

आवाज बंद झाला म्हणजे हवाही बंद झाली. १० बाय १२ बाय ९ फुटांच्या खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा मावते. शांत बसलेला माणूस तासाला १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघे जण तासभर बसले तर त्याचे प्रमाण १,२०० ते १,३०० पीपीएमने (दहा लाख भागांत इतके भाग) वाढते, म्हणजे बाहेरच्या हवेच्या तिपटी-चौपटीवर जाते. दुसऱ्या तासाला डोके जड होते आणि गायकाचा दम अपुरा पडतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तो आतलीच हवा थंड करून फिरवतो. म्हणून बाहेरची हवा आत आणणारा आणि आतली बाहेर टाकणारा असे दोन मार्ग हवेत. प्रत्येक मार्गावर प्लायची पेटी करावी, तिच्या आत शोषक साहित्याचे अस्तर द्यावे आणि हवा दोन-तीन वळणे घेऊनच पुढे जाईल असे आडवे पडदे घालावेत. मार्गाचा छेद मोठा ठेवावा, कारण अरुंद वाटेतून जोराने जाणारी हवा स्वतःच सूं-सूं करते. हे जमत नसेल तर दर पाऊण तासाने दार-खिडकी उघडण्याचा नियम पाळावा. एसीने खोली आधीच थंड करून घेऊन प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या वेळी तो आणि पंखा बंद करण्याची पद्धत साधी आणि खात्रीची आहे.

कोकणपट्टीचा पाऊस लक्षात न घेता केलेला स्टुडिओ दोन वर्षांत कुबट वास मारू लागतो. बाहेरच्या भिंतीला ओल येते का हे एक संपूर्ण पावसाळा पाहिल्याशिवाय तिच्यावर बोर्ड चढवू नये. गळती आधी बाहेरून दुरुस्त करून घ्यावी आणि त्या बाजूला ओलावा सहन करणारा जिप्सम बोर्ड वापरावा. खिडकीवरच्या पत्र्याच्या शेडवर पडणारा पाऊस हा आणखी एक स्थानिक शत्रू आहे. शेडच्या वरच्या बाजूला डांबरी शीट चिकटवून घेतली की पत्र्याचा ताशा बराच मंदावतो. आत आर्द्रता ५० ते ६० टक्के राहील असे पाहावे. दमट हवेत तबल्याची पुडी उतरते, गिटारचे लाकूड फुगते आणि कंडेन्सर (जास्त संवेदनशील) मायक्रोफोन चरचरतो; मायक्रोफोन सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत.

वीज

स्टुडिओच्या उपकरणांना एसीपासून वेगळा एमसीबी आणि स्वतंत्र वायर द्यावी आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे. डिमर आणि हलक्या प्रतीचे एलईडी ड्रायव्हर टाळावेत, कारण त्यांची गुणगुण गिटारच्या पिकअपमध्ये येते. ऑडिओच्या तारा विजेच्या तारांना समांतर नेऊ नयेत. ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. नव्या भिंतीत पेटी कोरून स्विचबोर्ड बसवण्याऐवजी तो वरूनच लावावा, नाहीतर इतक्या कष्टाने बुजवलेली फट पुन्हा उघडेल.

खोलीच्या आत: मांडणी आणि शोषण

टेबल आखूड भिंतीला लावून लांबीच्या दिशेने बसावे, म्हणजे मागची भिंत शक्य तितकी दूर राहते. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे बारा फुटांच्या खोलीत सुमारे साडेचार फुटांवर कान येतील अशी खुर्ची ठेवून सुरुवात करावी. बरोबर मध्यावर बसू नये, तिथे खालचे सूर नाहीसे होतात. दोन्ही स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकरचा वरचा छोटा शंकू कानाच्या उंचीला यावा आणि डाव्या-उजव्या भिंतींचे अंतर सारखे असावे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच इंची स्पीकर पुरतात. सबवूफर घेतला तर आधीच फुगलेला खालचा आवाज आणखी फुगतो आणि खालच्या मजल्यावर जातो.

शोषक पॅनेल घरीच करता येतात. रॉकवूलच्या स्लॅबच्या मापाची लाकडी चौकट करून त्यात ५० मिलिमीटरचे दोन स्लॅब बसवावेत, तंतू उडू नयेत म्हणून पातळ नॉन-वोव्हन कापड गुंडाळावे आणि वर मांजरपाट किंवा तागाचे कापड ताणून मागे स्टेपल करावे. कापड तोंडाला लावून त्यातून श्वास सहज घेता आला तर ते चालते. रेक्झिन चालत नाही. पॅनेल भिंतीपासून ५० ते १०० मिलिमीटर सुटे टांगले की तेच साहित्य खालच्या सुरांवरही काम करू लागते.

जागा ठरवण्यासाठी खुर्चीत बसावे आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथे पॅनेल. हेच उजवीकडे, डावीकडे आणि डोक्यावरच्या छतावर करावे. छतावरचे पॅनेल पीओपीला न अडकवता स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून टांगावे आणि पंख्याच्या पात्यांपासून दूर ठेवावे. उरलेल्या रॉकवूलने खोलीचे कोपरे जमिनीपासून छतापर्यंत भरावेत. खालचा आवाज कोपऱ्यांत साठतो, आणि लहान खोलीत कोपऱ्यांना दिलेली जाडी कधीच वाया जात नाही. मागच्या भिंतीला पुस्तकांचे खुले कपाट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर जाड सतरंजी पुरते. सगळ्या भिंती मात्र मढवू नयेत, कारण पूर्ण कोरड्या खोलीत गायकाला स्वतःचा आवाज परका वाटतो आणि तो जोर लावू लागतो. हार्मोनियमलाही थोडी जिवंत भिंत मानवते.

गायनासाठी मायक्रोफोन घेताना, खोली अजून अपुरी असेल तर डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील, प्रकारचा घ्यावा. महागडा कंडेन्सर समोरच्या गळ्याबरोबर खालच्या रिक्षावाल्याचा आवाजही टिपतो.

भाड्याच्या घरात

भाड्याच्या घरात भिंतींना हात लावता येत नाही, पण दाराला गॅस्केट आणि तात्पुरता उंबरठा, सामाईक भिंतीला गच्च भरलेली कपाटे, सुटी उभी राहणारी पॅनेल आणि तरंगती बैठक हे सर्व करता येते आणि घर बदलताना सोबत नेता येते. मायक्रोफोनच्या मागे नव्हे, तर गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड पॅनेल किंवा लटकवलेल्या गोधड्या ठेवाव्यात, कारण मायक्रोफोनचे तोंड त्याच दिशेला असते.

शेवटचे मोजमाप

'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजमापासाठीचा एक साधा मायक्रोफोन यांनी खुर्चीच्या जागी २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर वाजवून केलेले मोजमाप) घ्यावा आणि आलेखात आधी ३०० हर्ट्झच्या खालचा भाग पाहावा. तिथे दिसणारा उंचवटा इक्वलायझरने थोडा कापता येतो, पण खड्डा भरता येत नाही. खुर्ची किंवा स्पीकर चार-सहा इंच पुढे-मागे सरकवून पुन्हा मोजल्यास तो बहुधा उथळ होतो. समाधानकारक जागा सापडली की जमिनीवर टेपने खुणा कराव्यात. पावसाळा संपल्यावर दार आणि खिडकीची गॅस्केटे कागदाच्या पट्टीने पुन्हा तपासावीत. लाकूड फुगून आटलेले असते आणि बहुतेक वेळा कुलपाच्या बाजूची पट्टी दबून चपटी झालेली आढळते. तेवढाच तुकडा कापून नवा बसवावा, पूर्ण दार उतरवावे लागत नाही.